विटा भिजवल्या का?

सोसायटीच्या पाण्याच्या टाकीच्या कागदावर सही घ्यायला आलेल्या माणसानं सही घ्यावी आणि जावं. खालच्या मजल्यावरच्या काकांनी सही घेतली, पेन खिशाला लावलं, माझ्या स्क्रीनकडे पाहिलं आणि विचारलं, "दार बाजूला का ढकललंयस?"

ही कालची गोष्ट. अजून डोक्यातून जात नाही, कारण दार खरंच बाजूला ढकललेलं होतं.

स्क्रीनवर लिओकॅड उघडं होतं. लेगोच्या विटांची घरं-गाड्या संगणकावर जुळवायचं हे सॉफ्टवेअर. ते फुकट मिळतं आणि जुन्या, धापा टाकणाऱ्या लॅपटॉपवरही चालतं. मी एक कौलारू घर बांधत होतो. पुढची-मागची भिंत १६ स्टड लांब, बाजूच्या १२. (स्टड म्हणजे विटेच्या डोक्यावरची गोल बटणं. आमच्यात लांबी बटणांत मोजतात.) भिंतीची जाडी २ बटणं, उंची ६ थर. वीट नेहमीची, दोन बाय चार, भाग क्रमांक ३००१. एक थर रचायचा, त्याची प्रत काढायची, वर ठेवायची आणि हेच आणखी चार वेळा. पाच मिनिटांत भिंती उभ्या. त्यावर कडेनं चपट्या पट्ट्या फिरवल्या : समोर-मागे दोन बाय सोळा, बाजूंना दोन बाय आठ.

काका सरकारी ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेत. तरी ते खुर्ची ओढून बसेपर्यंत माझ्या काही लक्षात आलं नाही.

"विटा भिजवल्या का?"

"काका, हे कॉम्प्युटरमध्ये आहे."

"ते दिसतंय. कोरडी वीट पाणी ओढते आणि मसाला मरतो."

"मसाला नाहीच यात. वीट विटेत अडकते."

"सांध्यात काय मग?"

सांध्यात काहीही नाही, असं सांगितलं आणि तिथंच चुकलो. लेगोची खरी वीट बटणामागे ८ मिलिमीटरचा हिशोब धरून बनवतात, पण प्रत्यक्षात ती दोन दशांश मिलिमीटरनं कमी ठेवतात. तेवढा श्वास नसेल तर लांब ओळ बसता बसत नाही. सॉफ्टवेअरमधली वीट मात्र नेमकी ८ च्या पटीत, शेजारणीला घट्ट चिकटलेली. हे सगळं मी समजावून सांगितलं. काका म्हणाले, "म्हणजे नकाशात गॅप नाही आणि साइटवर आहे. नेहमीचंच."

मग ते पुढे वाकले, चष्मा कपाळावर चढवला आणि भिंतीवर बोट ठेवलं. स्क्रीनवर. जिथं ठेवलं तिथं अजून डाग आहे.

"हा सांधा खालपासून वरपर्यंत सरळ गेलाय."

गेला होता. प्रत काढून वर ठेवली की सगळे सांधे एकाच रेषेत येणार, दुसरं काय होणार? विटेवर वीट, सांध्यावर सांधा. म्हणजे ती १६ बटणांची भिंत नव्हतीच. चार चार बटणांचे खांब एकमेकांना खेटून उभे होते. लिओकॅडला त्याचं सोयरसुतक नाही. तिथं गुरुत्वाकर्षण नाही. वीट हवेत सोडली तर हवेतच राहते. बांधणीची स्थिरता तपासून देणारी सॉफ्टवेअरं आहेत, 'स्टुडिओ' नावाच्या अशाच एका सॉफ्टवेअरमध्ये ती सोय आहे, पण मी वापरत होतो लिओकॅड, आणि स्थिरता तपासायला काका आले होते.

"वर पट्टी मारलीय, काका. तिनं बांधलं जातं."

"पट्टी मारली म्हणून भिंत एक होत नाही. मधोमध अंगठ्यानं दाब, पोट काढेल. सांधेमोड कुठाय?"

आणि मग त्यांनी टाकीचा कागद उलटा केला. ज्यावर सहा बिऱ्हाडांच्या सह्या होत्या तोच. पाठीवर पेनानं दोन आडवे पट्टे काढले. पहिल्या थरात पुढच्या भिंतीत चार पूर्ण विटा, सांधे ४, ८ आणि १२ वर. दुसऱ्या थरात दोन्ही कोपरे बाजूच्या भिंतींना द्यायचे. त्यांची जाडी २, म्हणून मधे १२ बटणं उरतात, त्यात तीन विटा. सांधे आले २, ६, १० आणि १४ वर. खालचा सांधा आता वरच्या विटेच्या बरोब्बर पोटात. बाजूच्या भिंतींचं याच्या उलट : पहिल्या थरात मधल्या ८ बटणांत दोन विटा, दुसऱ्या थरात पूर्ण १२ मध्ये तीन. कोपरे आपोआप एकमेकांत गुंतले. अर्ध्या विटेची गरज कोपऱ्यात पडतच नाही, हे मला इतकी वर्षं माहीत असायला हवं होतं. माहीत होतं. फक्त प्रत काढणं सोपं होतं.

"आता दार मधे घे. ६ ते १०."

तिथं माझी खरी चोरी पकडली गेली. माझे सांधे फक्त ४, ८, १२ वर. त्यात चार बटणांचं दार ४ वर नाहीतर ८ वरच बसतं, मधोमध बसतच नाही. मध्यावर घ्यायचं तर एकाआड एक थरात दाराच्या दोन्ही अंगांना अर्धी वीट लागते, म्हणजे दोन बाय दोन, क्रमांक ३००३. ती टाळायला मी दार सरकवलं होतं.

"अर्धी वीट थापीनं फोडायची," काका म्हणाले. "एक घाव."

"इथं फोडता येत नाही. वेगळा नंबर घ्यावा लागतो."

"अर्ध्या विटेचा वेगळा नंबर? आणि वेगळा रेट?"

"हो."

यावर ते जे हसले, ते हसणं मी अजून गिळतोय. हसता हसताच हिशोब केला : थराला बारा, सहा थरांच्या बहात्तर, दारासाठी एवढ्या वजा. "६३ पूर्ण, ६ अर्ध्या. तुझ्या यादीत किती?"

६६. सगळ्या पूर्ण. जागा तेवढीच भरते, सगळी बटणं मिळून ५२८. मी गुणून पाहिलं. काकांनी पाहायचीही तसदी घेतली नाही.

मला वाटलं संपलं. पण मी आगाऊपणानं मूळ फाइल उघडून दाखवली, सॉफ्टवेअर आतून कसं चालतं याचा थोडा दरारा बसावा म्हणून. लिओकॅड ज्या जुन्या एलड्रॉ सॉफ्टवेअरची पद्धत वापरतं, त्याची फाइल साधी मजकुराची असते, एका विटेची एक ओळ :

१ ४ ४० -२४ २० १ ० ० ० १ ० ० ० १ ३००१.डॅट

पहिला १ म्हणजे हा भाग आहे. ४ म्हणजे लाल. मग तीन आकडे जागेचे, नऊ आकडे वळणाचे, शेवटी भागाचं नाव. एकक आहे ०.४ मिलिमीटर : बटणापासून बटण २०, विटेची उंची २४, चपट्या पट्टीची ८. काकांनी वळणाचे नऊ आकडे ओलांडले आणि उण्यावर बोट ठेवलं.

"उणे चोवीस?"

"वर जायचं म्हणजे उणे. दुसरा थर उणे अठ्ठेचाळीस, तिसरा उणे बहात्तर."

"मग तळघर बांधतोयस म्हण की."

एलड्रॉ १९९५ मध्ये जेम्स जेसिमन या ऑस्ट्रेलियन माणसानं केलं, १९९७ मध्ये तो गेला. त्याची फाइलची पद्धत अजून जगभर वापरतात. लेगो कंपनीचं स्वतःचं फुकटचं सॉफ्टवेअर २०२२ मध्ये बंद पडलं. या माणसाची साधी मजकुराची ओळ अजून चालते. वर जाताना उणे का, हे त्याला विचारायची सोय नाही. काकांना उत्तर मलाच द्यावं लागलं, आणि ते मला देता आलं नाही.

छपराबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ते जास्त लागलं. ४५ अंशांच्या उतरत्या विटा, क्रमांक ३०३७, एका अंगाला पाच ओळी, ओळीत चार. दोन्ही अंगं मिळून ४०, वर कण्याला दोन्हीकडे उतरत्या अशा ४. प्रत्येक ओळ खालच्या ओळीच्या एकाच बटणरांगेवर टेकते आणि उरलेलं अंग आत अधांतरी. "आढं नाही, वासे नाहीत," काका म्हणाले, "कौलं देवाच्या भरवशावर." आतून आधाराच्या विटा भराव्या लागतात, त्या मी भरल्या नव्हत्या; बाहेरून दिसत नाहीत ना. शिवाय छप्पर भिंतीशी सपाट सुरू केलेलं. "पागोळ्या भिंतीवरच पडणार. एका पावसाळ्यात ओल." प्लास्टिकच्या भिंतीला ओल येत नाही, हे बोलायचं त्राण तेव्हा उरलं नव्हतं. पट्ट्या बाहेर काढून वळचण करता येते. करायला हवी होती.

रंगाचं मात्र काकांनी विचारलं नाही, आणि तिथं माझं खरं रडगाणं आहे. कौलं पावसानं काळवंडलेली हवीत म्हणून मी तपकिरी दिला, रंग क्रमांक ६. सॉफ्टवेअर कुठलाही भाग कुठल्याही रंगात रंगवू देतं. तो भाग त्या रंगात कधी साच्यातून निघाला का, हे लिओकॅड सांगत नाही. ६ हा जुना तपकिरी. २००४ च्या सुमारास तो गेला आणि लालसर तपकिरी आला, क्रमांक ७०. करड्यांचंही तेच : ७ आणि ८ जुने, ७१ आणि ७२ नवे. स्क्रीनवर जुळी भावंडं वाटतात, हातात घेतल्यावर भांडतात. म्हणजे माझी ४० कौलं मिळालीच तर जुन्या मालात मिळणार, कुठल्या तरी परदेशी माणसाच्या डब्यातून. डब्यात विटा स्वस्त असतात. टपाल आणि जकात धरली की मात्र आपण खरंच कौलं शाकारतोय असं वाटायला लागतं. मग ते घर स्क्रीनवरच राहतं. फुकट सॉफ्टवेअरचा फुकटपणा तिथंच संपतो, आणि हे आधी कुणी सांगत नाही.

रात्री बसून सगळ्या भिंती पाडल्या. काकांच्या पद्धतीनं उभ्या केल्या, दार मधे घेतलं, अर्ध्या विटा घातल्या. भागांची यादी काढली : ६ अर्ध्या, ६४ पूर्ण.

सकाळी लिफ्टमध्ये काका. सोबत टाकीचं काम घेतलेला माणूस आणि तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी.

"किती निघाल्या?"

"चौसष्ट."

"एक जास्त? वीट कधी जास्त निघत नाही. बत्तीस वर्षांत एकदाही नाही."

वर येऊन शोधलं. लिओकॅडमध्ये दोन विटा एकाच जागी बसू शकतात, तक्रार नाही, खूण नाही. मागच्या भिंतीत पाचव्या थरात एका विटेची प्रत काढून मी ती सरकवायलाच विसरलो होतो. वरची काढली की खाली तशीच दुसरी. हे टाळायचं तर प्रत काढल्याबरोबर हलवायची आणि दर थराला यादीतला आकडा बघायचा.

संध्याकाळी जिन्यात गाठून काकांना सांगितलं.

"एका जागी दोन विटा?" ते म्हणाले. पहिल्यांदाच आवाजात जरा आदर होता. "म्हणजे बिल दोनदा लावलंस. हे आमच्याकडं व्हायचं."