जट

"काका, तुम्ही याला विंचरता तरी का?"

कुत्र्यांच्या पार्लरमधल्या पंचविशीतल्या मुलीने हे मला काल चार अनोळखी माणसं आणि एका पर्शियन मांजरासमोर विचारलं. अजून पचलेलं नाही.

विंचरतो की! रोज रात्री, बातम्या बघता बघता, पाठीवरून. माझ्या डोक्यावर विंचरण्यासारखं काही उरलेलं नाही त्याला बारा वर्षं झाली, हात कसा बसणार? आमचा चिवडा ल्हासा अप्सो. वरून रेशीम; कानामागे, काखेत, पट्ट्याखाली मात्र कातडीलगत घोंगडी. त्यात ठाण्याचा पाऊस. उपवनहून चिखल घेऊन आला की मी लगेच आंघोळ घालायचो. तिथेच घोटाळा झाला म्हणे. गुंता आधी सोडवायचा, मग पाणी. नाहीतर तो आणखी आवळतो.

"मग कात्रीने उडवा ना."

"कात्री नाही. गुंत्याबरोबर कातडी ओढली जाते, कापली जाईल. मशीनच फिरवावं लागेल, पूर्ण."

इतक्यात कोपऱ्यातून आवाज आला, "मशीन लावू नका हो! जट आहे ती."

बाई साठीच्या. सोबत कुत्रं नाही, मांजर नाही. शेजारच्या गिरणीत दळण टाकून एसीत येऊन बसलेल्या. मांडीवर रिकामा डबा.

"देवीची जट अशी कापत नाहीत. कोप होतो."

"काकू, हा कुत्रा आहे."

"पुरुषांनाही येते," काकू उदारपणे म्हणाल्या. "सौंदत्तीला जाऊन आलात का कधी?"

"आम्ही लोणावळ्याच्या पुढे गेलेलो नाही."

"वार कोणता जन्माचा?"

"काकू," माझ्यातला विवेकवादी एकदम उठून उभा राहिला. "अंनिसवाले इतकी वर्षं घसा कोरडा करून सांगताहेत. जट देवीमुळे येत नाही. केस विंचरले नाहीत, निगा राखली नाही, की येते!"

पार्लरमध्ये शांतता. मुलीने मशीन खाली ठेवलं.

"काका, मीही तेच म्हणत होते."

काकू हळहळल्या. "देवीवर ढकललं असतंत तर निदान इज्जत राहिली असती."

तासाभराने चिवडा बाहेर आला तो सोललेल्या शेंगेसारखा. कानामागची कातडी लालभडक, ओलसर. गेले पंधरा दिवस तिथे हात लावला की मान काढून घ्यायचा आणि मी म्हणायचो, नखरे बघा याचे. तेव्हा मात्र मला काकूंचीही गंमत वाटेना.

वर बिल. कटिंगचे वेगळे, 'गुंता सोडवण्याचे' सहाशे वेगळे. अहो, सोडवलात कुठे? भादरलात! केस न् केस सुटा केला असतात तर हजार दिले असते. भांडणार होतो, पण भांडायला तोंड कुठे होतं?

निघताना मुलीने ती घोंगडी, अख्खी एकसंध, पिशवीत घालून माझ्या हातात दिली. काकूंनी तसं बजावलं होतं. "कचऱ्यात टाकू नका, वाहत्या पाण्यात सोडा," त्या म्हणाल्या. गिरणीवाल्याने हाक मारली तशा डबा घेऊन गेल्या.

पिशवी बाल्कनीत खिळ्याला टांगलेली आहे. बायको दोनदा ओरडली. आज टाकणारच होतो कचऱ्यात, पण नेमका शुक्रवार आला.

उद्या टाकतो.