लाल बाजू, निळी बाजू

परवा अप्पा बळवंत चौकातल्या एका स्टेशनरीच्या दुकानात एका काकांनी माझ्या डोळ्यांदेखत पंचम जॉर्जची अर्धी दाढी केली. खोडरबराने. त्या खोडरबराचे पाच रुपये मी दिले. दोन्हीपैकी काय जास्त झोंबलंय ते अजून ठरत नाहीये.

माझ्याकडे थोडी जुनी नाणी आहेत. आजीच्या पत्र्याच्या डब्यात ती साठ वर्षं वाटाण्यांसारखी खुळखुळत होती आणि मजेत होती. लॉकडाऊनमध्ये मला सुचलं की यांची नीट व्यवस्था लावावी. पारदर्शक कप्प्यांचा एक मऊ मऊ अल्बम आणला, प्रत्येक नाण्याला स्वतंत्र खोली दिली. यंदा पावसाळ्यात अल्बम उघडला तर तांब्याच्या नाण्यांना हिरवा, चिकट शेंबूड आलेला. डब्यातल्या साठ वर्षांत जे झालं नाही ते माझ्या शिस्तीने चार वर्षांत करून दाखवलं.

दोष त्या मऊपणाचा. कप्पे होते पीव्हीसी नावाच्या प्लॅस्टिकचे. पीव्हीसी मुळात कडक असतं. ते लवचीक व्हावं म्हणून त्यात तेलकट द्रव्यं मिसळतात. ती हळूहळू बाहेर झिरपतात. वर उष्णतेने आणि दमटपणाने प्लॅस्टिकच आम्ल सोडायला लागतं, आणि ते आम्ल तांबं खातं. ओळखायची सोपी खूण म्हणजे वास. कप्प्याला नव्या रेनकोटसारखा वास आला तर त्यात नाणं ठेवू नये. दुसरी परीक्षा जरा नाट्यमय आहे. तांब्याची तार लालभडक तापवायची, प्लॅस्टिकला टेकवायची आणि पुन्हा ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली की आत क्लोरीन आहे, म्हणजे पीव्हीसी. आमची ज्योत सुरेख हिरवी झाली. मी आनंदाने ओरडलो. बायको म्हणाली, "छान. आता खिडकी उघड, ती तार खाली ठेव आणि मला पोळ्या करू दे."

हिरवा चिकटा शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून काढला (नेलपेंट रिमूव्हर चालत नाही, त्यात तेलं आणि अत्तरं असतात). नाणी वाचली. आता त्यांना घर हवं होतं.

मला हवे होते ते साधे पुठ्ठ्याचे होल्डर. दोन इंची चौकोन, मधे गोल खिडकी, खिडकीला पॉलिएस्टरचा पातळ पापुद्रा. नाणं मधे ठेवायचं, पुठ्ठा मिटायचा, चार पिना मारायच्या आणि पिनांची वर आलेली टोकं पकडीने चेपायची, नाहीतर ती शेजारच्या नाण्याला ओरखडतात. कडक अ‍ॅक्रिलिकच्या डब्या जास्त देखण्या, पण त्या मिलिमीटरच्या हिशोबात मिळतात, आणि गोल. आपल्या सरकारने मात्र काय काय आकार काढलेत! पाच पैसे चौकोनी, दहा पैसे पाकळ्यांचे, तीन पैसे षटकोनी, आणि १९९२ साली निघालेले दोन रुपये चक्क अकरा कोनांचे. अकरा! बारा केले असते तर टांकसाळीचं काय गेलं असतं? गोल डबीत चौकोनी पाच पैसे ठेवले की ते रिकाम्या बसमधल्या उभ्या प्रवाशासारखे या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात जातात.

तर मापासाठी पाच-सहा नाणी बटव्यात घालून दुकानात गेलो. काउंटरवर रुमाल पसरला आणि १९३० सालचा पाव आणा त्यावर ठेवला. व्यास २५.४ मिलिमीटर, म्हणजे बरोबर एक इंच. रंग गडद, जुन्या चॉकलेटसारखा. हा रंग यायला नव्वद-पंचाण्णव वर्षं लागतात. ते लक्षात असू द्या.

"नाण्यांचे होल्डर आहेत? पीव्हीसी नकोय."

"पीव्हीसीच आहे साहेब, एकदम ओरिजिनल," पोरगा म्हणाला.

पुठ्ठ्याचे आहेत का विचारल्यावर तो माळ्यावर चढला. तेवढ्यात शेजारी एक काका आले. पांढरी बंडी, शर्टाच्या खिशात तीन पेनं, हातात लॅमिनेट करायला आणलेलं आधार कार्ड. त्यांनी आधी नाण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा नाण्याकडे. मधला कटाक्ष सगळ्यात कमी वेळाचा होता.

"काय येतील याचे?"

हा प्रश्न मला रडवतो. आजोबांचा फोटो दाखवला तर कोणी विचारत नाही, काय येतील यांचे? पण नाणं म्हटलं की भाव. मी म्हणालो, "फार नाही. वीस-तीस रुपये."

"हॅ! माझ्या साडूच्या मोबाइलवर आलं होतं, वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं दहा लाखांना जातं."

मी सांगितलं की ते नाणं २०१२ चं आहे, अजून चलनात आहे, आणि असल्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्येच लोकांना सावध केलंय. काकांनी रिझर्व्ह बँकेची कीव आल्यासारखी मान हलवली. मग म्हणाले, "होल्डर कशाला? लॅमिनेट करून टाका. कायमचं काम."

मला वाटलं विनोद आहे. नव्हता. त्यांनी माळ्याकडे बघून दर विचारलासुद्धा. वरून आवाज आला, "जाड आहे काका, रोलर अडकेल." माझा रोलरवर इतका जीव कधी जडला नव्हता.

इथे खरं तर मी नाणं उचलून बटव्यात टाकायला हवं होतं. पण मला बोलण्याची हौस. काकांनी "हा कोण?" विचारलं आणि मी सुटलो. पंचम जॉर्ज, अंगावर शाही झगा, झग्यावर गळ्यातल्या साखळीतला हत्ती. १९११ च्या रुपयावर हा हत्ती असा काही कोरला गेला की लोकांना त्यात डुक्कर दिसलं. मुसलमानांची पंचाईत. गदारोळ झाला, सरकारला नाणी मागे घ्यावी लागली, आणि १९१२ पासून नव्या ठशात नीट सोंडेचा हत्ती आला. रंगात येऊन सांगत होतो मी.

"कुठंय हत्ती? दिसत नाही," काका म्हणाले. "मळलंय ना."

"मळलं नाही हो, तो रंगच..."

त्यांनी नाणं उचललं होतं. कडेने नव्हे, मधोमध, राजाच्या तोंडावर अंगठा ठेवून. दुसऱ्या हाताने काउंटरवरच्या बरणीतून एक खोडरबर काढलं. आपण शाळेत वापरायचो ना, अर्धं लाल, अर्धं निळं? निळी बाजू शाईची, खरखरीत, वहीला हमखास भोक पाडणारी. ती निळी बाजू.

"आम्ही टेलिफोन एक्स्चेंजमध्ये रिलेचे कॉन्टॅक्ट असेच साफ करायचो. बत्तीस वर्षं. एक तक्रार नाही."

मी "अहो, अहो" म्हणालो. प्रसंगाच्या मानाने हे दोन शब्द फारच सभ्य होते. काका मनगटातून, सरावाने, लयीत घासत होते. काउंटरवर खोडरबराचा भुसा पडत होता, आधी निळा, मग तपकिरी. तो तपकिरी भुसा म्हणजे माझी नव्वद वर्षं. मी हात धरेपर्यंत हनुवटीपासून कानापर्यंतचा अर्धा राजा नव्या पितळी नळासारखा चकाकत होता आणि उरलेला अर्धा काळोखात होता. अगदी न्हाव्याच्या खुर्चीतून मधेच उठून आल्यासारखा.

"बघा!" काका म्हणाले. "दिसला हत्ती?"

हत्ती काळ्या बाजूला होता.

मला राग आला होता, खरंच आला होता, आणि अजून आहे. या शहरात आपली वस्तू हातात घ्यायला कोणी विचारत नाही आणि ती सुधारून दिल्यावर आभाराची वाट मात्र बघतात. तांब्याच्या नाण्यावरची ती साय हेच त्याचं कवच असतं. चिंच, लिंबू, पितांबरी, काहीही लावलं की ती जाते, आणि ज्यांना नाण्यांतलं कळतं ते मग नाणं हातात घेऊन परत ठेवतात. हे सगळं मी सांगणार होतो. पण काकांच्या चेहऱ्यावर इतकं निखळ समाधान होतं! निवृत्तीनंतर बऱ्याच दिवसांनी रिले साफ करायला मिळाला होता त्यांना. माझ्या तोंडून निघालं, "थँक यू." हे त्या खोडरबरापेक्षा जास्त लागलंय मला.

"दुसरी बाजू?" त्यांनी विचारलं.

तेवढ्यात पोरगा पुठ्ठ्याचे होल्डर घेऊन उतरला. एकशे चाळीस रुपये. मग त्याची नजर खोडरबराकडे गेली. निळ्या बाजूला खड्डा पडला होता.

"याचे पाच."

मी काकांकडे पाहिलं. काका आपल्या आधार कार्डाचे कोपरे तपासत होते. मी शंभर आणि पन्नासची नोट दिली. पोरगा म्हणाला, "पाच सुट्टे नाहीत. तुमच्याकडे आहेत की एवढे." बटव्याकडे बोट. त्यात व्हिक्टोरिया होती, भोकाचा पैसा होता, आणि ३० जून २०११ ला चलनातून गेलेले पंचवीस पैसे होते. मी नाही म्हणालो.

"एवढी चिल्लर घेऊन फिरता आणि सुट्टे नाहीत?" काका म्हणाले. मागच्या रांगेतली बाई हसली.

पोराने पाच रुपयांऐवजी दुसरं खोडरबर दिलं.

घरी आल्यावर बायकोने नाणं दिव्याखाली धरलं (कडेने धरलं, एवढं शिकलीये ती). म्हणाली, "उरलेलं अर्धं पण घासून टाक. निदान सारखं दिसेल." मी उत्तर दिलं नाही. पाव आणा पुठ्ठ्यात ठेवला, चार पिना मारल्या, टोकं चेपली. बाकीच्यांनाही घरं मिळाली. चौकोनी पाच पैशांनाही. पापुद्रा दोन्हीकडून घट्ट धरतो, त्यामुळे ते जागचे हलत नाहीत.

होल्डरच्या पांढऱ्या कडेवर पेन्सिलीने माहिती लिहितात. मी लिहिलं: पाव आणा, १९३०, कोलकाता टांकसाळ. त्याखाली अवस्था लिहायची असते. 'अर्धवट' लिहिताना रफार चुकीच्या अक्षरावर पडला. खोडरबर हाताशीच होतं. लाल बाजूने खोडलं.