त्या मोठ्या बंबाला पाणी कुठून आणायचं, तेही लिहा की

गेल्या रविवारी मामांच्या दुकानात गेलो, तर गल्ल्यामागच्या भिंतीवरचा १०१ पुसलेला. त्या जागी कुणा टँकरवाल्याचा मोबाईल नंबर. विचारलं तर म्हणाले, "बंबवाल्यांना फोन करून काय उपयोग? रिकाम्या गाड्या घेऊन यायलेत. मोठी गाडी तीन वर्षं झाली झाडाखाली सडायली. वाच की, तुलाबी पाठवलंय."

वाचलं. मामांचं कापडाचं दुकान खाली, बिऱ्हाड वर, जिना एकच. म्हणून हे लिहायला बसलो, नाहीतर असले मेसेज मी चहा येईपर्यंत विसरतो.

मेसेज थोडक्यात असा: मिनिटाला ४,००० लिटर पाणी फेकणारा बंब शहरात पडून आहे. बाजारातल्या आगीला तो आणला असता तर सगळी दुकानं वाचली असती. कुठल्याही विहिरीला किंवा बोअरला पाईप लावा, पाच मिनिटांत आग विझते. तो मुद्दामच बाहेर काढत नाहीत. तेव्हा १०१ ला फोन करत बसू नका, टँकर बोलवा आणि बोअर चालू करा.

गाडी पडून आहे, हे खरं. नाही म्हणायला जीभ वळत नाही, कारण मी स्वतः बघून आलो. टायरांभोवती गवत वाढलंय. असा पंप अधूनमधून चालवला नाही तर बॅटरी उतरते, सील सुकतात आणि ऐनवेळी तो पाणी धरत नाही. चालवायला शिकलेला माणूसही लागतो. याचा जाब विचारायचा तर माहिती अधिकारात अर्ज टाका, सही करायला मी येतो. पण "पडून आहे" वरून थेट "म्हणून दुकानं जळाली" म्हणायचं, ते कशाच्या जोरावर?

आता ती विहीर आणि बोअर. हे लिहिणाऱ्याने आयुष्यात कधी मोट सोडाच, इंजिनसुद्धा पाहिलेलं दिसत नाही. आमचे आजोबा डिझेल इंजिन विहिरीत उतरवून कपारीत बसवायचे. हौस म्हणून नव्हे. वर ठेवलेलं इंजिन खोलवरचं पाणी ओढतच नाही. पंप पाणी "ओढतो" असं आपण म्हणतो खरं, पण पाणी वर ढकलते ती बाहेरची हवा, आणि तिचा जोर समुद्रसपाटीलाही जेमतेम १०.३ मीटरचा. टॉरिचेली नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने हे १६४३ मध्ये दाखवून दिलंय. प्रत्यक्षात सात मीटर, म्हणजे बावीस-तेवीस फूट मिळाले तरी नशीब. पंप चार हजार लिटरचा असो की चाळीस हजारांचा, ही मर्यादा बदलत नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात किती विहिरींना तेवीस फुटांवर पाणी असतं, ते ज्याने त्याने आपल्या शिवारात जाऊन बघावं. आणि बोअर? चारशे फूट खोल बोअरमध्ये बंबाचा जाडजूड पाईप सोडणार कसा, आणि सोडलाच तरी ओढणार काय, फुफाटा? राहिली आपली स्वतःची बोअरची मोटार. आग लागली की आधी लाईट तोडतात. मग ती मोटार कशावर चालणार?

बरं, धरून चालू की पाणी मिळालं. साध्या बंबात ४,५०० लिटर असतात. ते या पंपाला एक मिनिट पुरतात, वर सात सेकंद. बारा हजार लिटरचा टँकर तीन मिनिटं. १२ एप्रिल २०१६ ला पहाटे मिरजेहून पहिली जलदूत, म्हणजे दुष्काळातली पाण्याची रेल्वे, लातूरला आली, ते आठवतंय ना? दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. अख्खं शहर डोळ्यांत प्राण आणून त्या गाडीची वाट बघत होतं. या पंपाने ती सव्वादोन तासांच्या आत रिकामी केली असती. असला पंप तेलाच्या टाक्यांसाठी, मोठ्या कारखान्यांसाठी, शेजारी भरलेला तलाव असेल तिथे मागच्या गाड्यांना पाणी पुरवण्यासाठी असतो. आपल्या कापड गल्लीत तो वळणारही नाही, कोपऱ्यावरच्या रसवंतीपाशी अडकेल. अडकला नाही असं समजा. मिनिटाला चार हजार लिटर म्हणजे मिनिटाला चार टन वजन, जुन्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरांवर. आगीतून वाचलेलं पाण्याने खाली येईल.

"रिकाम्या गाड्या येतात" हेही त्याच हिशेबातलं. एका माणसाच्या हातातली नळीसुद्धा मिनिटाला चार-पाचशे लिटर घेते. दोन नळ्या लावल्या की पाचेक मिनिटांत टाकी कोरडी, आणि बघणारे म्हणतात रिकामीच आली होती. "मुद्दाम" याला पुरावा मेसेजमध्ये नाही, त्यामुळे उत्तरही नाही. आणि सगळं खापर बंबवाल्यांवर फोडणाऱ्यांनी राज्याचा २००६ चा आग प्रतिबंधक अधिनियम बघावा. इमारतीतली आगीची व्यवस्था चालू ठेवायची जबाबदारी त्यात मालकावर किंवा ताबेदारावर टाकलेली आहे.

माझा खरा राग शेवटच्या ओळीवर आहे, "१०१ ला फोन करू नका" या. ३ एप्रिल २०२४ ला छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात खाली शिलाईचं दुकान, वर बिऱ्हाड अशा घरात पहाटे आग लागली आणि एकाच कुटुंबातले ७ जण गेले. ते गुदमरले. कापड, फोम, प्लास्टिक पेटलं की ज्वाळांच्या आधी धूर जिन्याने वर येतो, आणि तिथे हिशेब मिनिटांचा असतो. टँकरवाल्याकडे शिडी नाही, श्वासाचा सिलिंडर नाही, धुरात शिरून माणूस उचलून आणणारा गडी नाही. तो पाणी आणेल, तेही फोन उचलला तर. आणि बोअर चालवायची म्हणून लाईट चालूच ठेवली, तर ते पाणी चालू मीटरवर जाणार! लिहिणाऱ्याला शॉक म्हणजे काय ते कुणी सांगितलेलं नसावं.

मामांना हे सगळं तासभर सांगितलं. विहिरीतल्या इंजिनाचं त्यांना लगेच पटलं, कारण ते वर काढायला तेही जायचे. १०१ परत लिहिला, यावेळी तैलरंगाने. टँकरवाल्याचा नंबरही ठेवलाय, "उन्हाळ्यात लागतोच की." जिन्यातले साड्यांचे गठ्ठे हलवा म्हटलं, तर म्हणाले, "लग्नसराई होऊ दे." येत्या रविवारी मीच जाऊन हलवणार आहे.