साक्ष द्यायचा धीर येतो कुठून?

रविवारी उपासनेत उभं राहून येशू माझा तारणारा आहे म्हणायला, म्हणजे साक्ष द्यायला, काही लागत नाही, तिथे समोर सगळे आमेन म्हणणारेच बसलेले असतात. खरी वेळ येते ती सोमवारी दुपारी डबा उघडल्यावर. आमच्याकडे नंदुरबारला ऑफिसात सगळे एकत्रच जेवतात, कुणाची कळण्याची भाकरी, कुणाचं भरीत, कुणी घरचा ठेचा आणलेला, एकमेकांच्या डब्यात हात चाललेले, आणि त्या सगळ्यात जेवणाआधीच्या प्रार्थनेला आपण मान खाली घालून डोळे मिटायचे की उघड्या डोळ्यांनीच मनात आटपून घ्यायचं? बाहेरच्याला हे एवढंसं वाटेल पण आमच्या चर्चच्या तरुण संघात नोकरी करणाऱ्या पोरापोरींचं सगळ्यात जास्त बोलणं याच्यावरच होतं. आणि मला वाटतं ते बरोबरच आहे, कारण पुढे जे काही बोलायचं त्याची सुरुवात तिथूनच होते.

भीती कशाची असते हे जरा नीट बोलू या. काही गावांमध्ये खरंच त्रास आहे, प्रार्थनेला जमलेल्या लोकांना दमदाटी होते, ते मी नाकारत नाही. पण आपण शहरात पगारावर बसलेले लोक गप्प राहतो ते मार पडेल म्हणून नाही. आपण गप्प राहतो कारण समोरचा म्हणेल "अच्छा, तू पण त्यातला का, किती पैसे मिळाले रे?" चांगला माणूस म्हणून जी ओळख आहे ना तिला धक्का लागेल याची ती भीती आहे. नाताळला आपण शेजाऱ्यांकडे करंज्या, केक पाठवतो, ते आपल्याला कानबाईचे रोट देतात, दिवाळीचा फराळ देतात, इतकं प्रेमाचं येणंजाणं आहे, आणि मग कुणी सहज विचारतं की तुमचा नाताळ म्हणजे नेमकं काय हो, तर आपण "येशूचा वाढदिवस" एवढं बोलून विषय चहाकडे वळवतो. त्या माणसाने तर दार उघडून दिलेलं असतं.

मग धीर आणायचा कुठून? माझं ठाम मत आहे की तो मागावा लागतो, आणि एकट्याने नाही, मंडळीने, म्हणजे चर्चमधल्या सगळ्यांनी मिळून मागावा लागतो. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय 4 परत वाचा. येशूचे शिष्य पेत्र आणि योहान यांना धमकावून सोडलेलं आहे, येशूच्या नावाने एक शब्द बोलायचा नाही असा हुकूम आहे, ते आपल्या लोकांत येतात आणि सगळे मिळून प्रार्थना करतात. ती प्रार्थना काय आहे? या धमक्या बंद कर असं कुणीच म्हणत नाही, ते म्हणतात धमक्या तू बघ, आम्हाला मात्र तुझं वचन धैर्याने बोलता येऊ दे. आता हा तोच पेत्र आहे ज्याने अंगणात शेकोटीपाशी एका दासीसमोर मी येशूला ओळखत नाही म्हटलं होतं. आणि गावोगाव येशूबद्दल सांगत फिरलेला पौल? इफिसकरांच्या पत्रात अध्याय 6 मध्ये तो बेड्यांत असताना लिहितो की माझ्यासाठी प्रार्थना करा, मला धैर्याने बोलता यावं म्हणून. पौलाला मागावं लागलं! आणि आपण समजतो की काही लोक जन्मतःच धीट असतात, त्यांनी बोलावं, आपला तो स्वभाव नाही.

दुसरं म्हणजे काय बोलायचं. आपल्याला वाटतं सगळं बायबल पाठ पाहिजे, कुणी उलटा प्रश्न टाकला तर उत्तर तयार पाहिजे. मार्कच्या शुभवर्तमानात अध्याय 5 मधला गरसेकरांच्या देशातला तो माणूस बघा, भुतांनी पछाडलेला, कबरांमध्ये राहणारा, साखळ्या तोडणारा. बरा झाल्यावर तो येशूबरोबर यायला निघतो तर येशू त्याला नाही म्हणतो, घरी जा, तुझ्या माणसांकडे जा आणि प्रभूने तुझ्यासाठी काय केलं ते सांग. ना शिक्षण ना ट्रेनिंग. त्या वेळी तिथल्या लोकांनी येशूला आमच्या हद्दीतून निघून जा म्हणून विनवलं होतं, आणि तो माणूस मात्र दकापलीसभर, म्हणजे त्या सगळ्या मुलखात, सांगत फिरला. आता दोनच अध्याय पुढे जा, मार्क 7, येशू परत दकापलीसच्या भागात येतो आणि लोक स्वतःहून एका बहिऱ्या माणसाला त्याच्याकडे घेऊन येतात, याच्यावर हात ठेव म्हणतात. मध्ये काय झालं ते मार्क लिहीत नाही, पण मला तरी त्यात त्या माणसाचं सांगणं दिसतं.

आमच्या ओळखीच्या एक ताई हिवाळ्यात मिरची वाळवायच्या पथारीवर कामाला जातात. नंदुरबारची पथारी ज्यांनी बघितली त्यांना सांगायला नको, नजर जाईल तिथपर्यंत लाल, नाकातोंडाला ओढणी घट्ट बांधलेली तरी ठसका लागतोच, आणि दिवसभर बसून देठ खुडायचे, संध्याकाळी बोटं अशी आग करतात की लेकराच्या तोंडाला हात लावता येत नाही. ताईंना वाचता येत नाही. त्यांच्या घरी दारूने काय दशा होती आणि नवरा चर्चला यायला लागल्यावर काय बदललं एवढंच त्या शेजारी बसलेल्या बाईला सांगतात, तेही तिने विचारलं तर. मी म्हटलं ताई, कुणी वाद घातला तर? त्या म्हणाल्या, "मन्हा घरमा जे व्हयनं ते सांगस मी, त्यामा वाद कसाना?" 

रेव्हरंड ना. वा. टिळकांचं पण आठवा. 1893 साली रेल्वेच्या प्रवासात एका अनोळखी गोऱ्या प्रवाशाने त्यांच्याशी गप्पा मारल्या, नवा करार हातात दिला, आणि 1895 ला टिळकांचा बाप्तिस्मा झाला. त्यांनी लिहिलेली गीतं आपण आजही दर रविवारी गातो आणि तो प्रवासी कोण होता हे आपल्यातल्या किती जणांना सांगता येईल? सुरत-भुसावळ लाइनवर आपण रोज तासन् तास बसतो, मोबाईल बघत.

आता एक गोष्ट स्पष्ट बोलतो, आपल्यातल्या काही लोकांना आवडणार नाही. घटनेच्या कलम 25 ने आपल्याला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि प्रसार करण्याचा हक्क दिलाय, सार्वजनिक सुव्यवस्था वगैरे सांभाळून. 1977 मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. आपल्यातले बरेच जण या निकालावर नाराज असतात पण मला वाटतं आपलं काम तसंही सांगण्यापुरतंच आहे, मन बदलणं देवाच्या हातात आहे. म्हणून मदत आणि साक्ष यांची सांगड घालू नका. कुणाला धान्य दिलं, दवाखान्याचं बिल भरलं तर देऊन मोकळं व्हा, त्याच वेळी येशूबद्दलची पत्रिका हातात ठेवू नका, कारण उपकाराखाली दबलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही. आजारी माणसाच्या खाटेपाशी गेलात तर आधी विचारा, प्रार्थना केलेली चालेल का? नको म्हणाला तर त्याचं पाणी भरून ठेवा, औषध आणून द्या आणि या. शेजाऱ्याच्या देवाला नावं ठेवून तर कुणालाच येशू दिसलेला नाही. पेत्राने स्वतः लिहिलंय, आशेचं कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार राहा, पण सौम्यतेने आणि आदराने. कितीतरी जण पहिलं अर्धंच घेतात, आणि आपण गप्प बसणारे लोक दुसरं अर्धं पुढे करून पहिल्यातून सुटका करून घेतो.

हे सगळं आजच लिहायचं कारण म्हणजे ऑफिसातल्या एका सिनियर भाऊंनी मला विचारलंय. माझे वडील गेले तेव्हा ते दफनविधीला आले होते, सगळं बघितलं त्यांनी, गाणी ऐकली, आणि परवा एकटेच माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "तुम्ही लोक त्या दिवशी रडत पण होते आणि गात पण होते, ते कसं काय?" तेवढ्यात साहेबांनी हाक मारली आणि बोलणं राहिलं. गुरुवारी आम्ही दोघं बाईकवर शहाद्याला जाणार आहोत कामासाठी, येताना प्रकाशाला चहाला थांबतोच. तिथे मी त्यांना पुनरुत्थानाबद्दल, मेलेल्यांतून परत उठण्याबद्दल सांगणार आहे, वडिलांनी शेवटच्या दिवसांत आम्हाला जे सांगितलं ते पण सांगणार आहे. मला बोलता यावं म्हणून प्रार्थना करा. आणि भाऊंच्या आईची तब्येत खूप खराब आहे, डायलिसिस चालू आहे, त्यांच्यासाठी पण करा. नाव इथे लिहीत नाही.