एनएफएल फॅन्सचं ऐकते, आणि खरी गोची तिथेच होते

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया मोठी आहे आणि मनापासून लिहिलेली आहे, म्हणून खाली दोन ओळीत न उरकता नीट उत्तर देतोय. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात: नव्या किकऑफची (बॉल लाथेने समोरच्या टीमकडे मारून खेळ सुरू करायची पद्धत) बाजू घेणारा माझा लेख वाचून यांचं म्हणणं असं की एनएफएलने (अमेरिकन फुटबॉलची लीग) खेळ पार मऊ करून टाकलाय, फॅन्स ओरडून थकले तरी मालक लोक ढिम्म, आणि नियम बदलायच्या आधी फॅन्सना विचारलं असतं तर ही वेळच आली नसती. लिहिणारे न्यू ऑर्लिन्सच्या सेंट्स टीमचे जुने फॅन आहेत. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं बरंचसं त्यांच्याच टीमबद्दल आहे.

ऐकत नाहीत म्हणता? अहो, तुमचंच तर ऐकलं होतं. २० जानेवारी २०१९, रॅम्सविरुद्धची मॅच, स्कोअर २०-२०, शेवटची दोनेक मिनिटं, आणि बॉल पोचायच्या आधीच रॅम्सच्या निकेल रोबी-कोलमनने सेंट्सच्या टॉमीली लुइसला उडवला. अख्ख्या स्टेडियमला दिसलं, फक्त रेफ्रीला दिसलं नाही, फाउलचा फ्लॅग पडलाच नाही, रॅम्स ओव्हरटाइममध्ये २६-२३ ने जिंकून सुपर बोलला, म्हणजे लीगच्या फायनलला गेले. त्यानंतर न्यू ऑर्लिन्सने जे केलं त्याला तोड नाही. कोर्टात केस, सुपर बोल जिथे होता त्या अटलांटात होर्डिंग, आणि सुपर बोलच्या दिवशी लोकांनी टीव्ही बंद ठेवून रस्त्यावर जल्लोष केला, शहरातलं टीव्ही रेटिंग आदल्या वर्षीच्या निम्म्यावर आलं. तो राग शंभर टक्के खरा होता, मी आजही तो प्ले बघितला की चिडतो.

आणि दोन महिन्यात नियम बदलला! पास इंटरफिअरन्सवर (बॉल पोचायच्या आधी पास घेणाऱ्याला दिलेला धक्का) व्हिडिओ रिव्ह्यू मागता येईल, अगदी न दिलेल्या फ्लॅगवरसुद्धा, ३१ विरुद्ध १ मतांनी, एकटे बेंगल्स विरोधात. फॅन्सच्या रागातून इतका झटपट निघालेला नियम मला तरी दुसरा आठवत नाही. मग झालं काय? सीझनभर कोच रिव्ह्यू मागतायत आणि निर्णय बदलतच नाहीयेत, कधी बदलतो कधी नाही याचा कुणाला पत्ता नाही, आणि जानेवारी २०२० मध्ये प्लेऑफला तुमच्याच घरच्या मैदानावर व्हायकिंग्सच्या काइल रुडॉल्फने ओव्हरटाइममध्ये सेंट्सच्या कॉर्नरबॅकला ढकलून कॅच घेतला, २६-२०, खेळ खल्लास. लीगकडून व्हिडिओ बघितला गेला, आणि सांगितलं की धक्का दोघांचाही आहे पण फाउल देण्याइतका नाही. म्हणजे तुमच्यासाठी आणलेल्या नियमाने तुम्हालाच वाचवलं नाही. पुढच्या सीझनला तो नियम गुपचूप गेला.

माझा मुद्दा इतकाच आहे. दुखतंय कुठे हे फॅन्स अचूक सांगतात, पण औषध त्यांना विचारून ठरवलं की घोळ होतो. धक्का किती जोरात लागला हा शेवटी नजरेचा निर्णय, तो स्लो मोशनमध्ये दहा वेळा बघितला तरी नजरेचाच राहतो, उलट स्लो मोशनमध्ये प्रत्येक स्पर्श गुन्हा वाटायला लागतो. याउलट जानेवारी २०२२ ची बिल्स-चीफ्स मॅच घ्या. ४२-३६, ओव्हरटाइममध्ये टॉस हरल्यामुळे बिल्सच्या जॉश अ‍ॅलनला बॉल मिळालाच नाही, तेव्हाही लोक असेच पेटले होते, आणि प्लेऑफपुरता नियम केला की दोन्ही टीमना बॉल मिळणारच. तो टिकला, २०२५ पासून साध्या सीझनलाही लागू झाला. बॉल मिळाला की नाही मिळाला यात कुणाच्या नजरेचा प्रश्नच येत नाही ना.

आता किकऑफ. तुम्ही म्हणता मऊ केला, मी म्हणतो तो मेलाच होता. फेब्रुवारी २०२४ च्या सुपर बोलमध्ये एकही किकऑफ रिटर्न (तो बॉल पकडून पुढे धावणं) झाला नाही, एकही! सगळे टचबॅक, म्हणजे लाथ मारायची, बॉल मैदानाच्या टोकाच्या एंडझोनमध्ये, जाहिरात. जुन्या पद्धतीत दोन्हीकडचे लोक लांबून फुल स्पीडने येऊन आदळायचे, त्यात डोकी फुटायची, म्हणून लीगनेच टचबॅक सोपा करत आणला आणि प्ले संपवला. नव्या पद्धतीत किकिंग टीमचे दहा जण समोरच्यांच्या ४० यार्डावर उभे, त्यांच्यापासून पाचच यार्डांवर ब्लॉकर, आणि बॉल जमिनीला किंवा रिटर्नरला लागेपर्यंत कुणी हलायचं नाही. टक्कर आहेच, पण लांबून धावत येण्याचा वेग नाही. पहिल्या वर्षी रिटर्न साधारण २२ टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर गेले, मग २०२५ ला टचबॅकनंतर खेळ सुरू व्हायची जागा ३५ यार्डावर नेल्यावर अजून बरेच वाढले. दिसायला विचित्र आहे, मान्य, पहिल्या प्रीसीझनला मलाही डोळ्याला खटकलं. पण ही कल्पना मालकांच्या डोक्यातून आलेली नाही, एक्सएफएल या दुसऱ्या लीगमध्ये ती आधी खेळून बघितली होती आणि एनएफएलसाठी ती घडवणाऱ्या कोचेसमध्ये डॅरेन रिझी होते, तेव्हाचे तुमच्याच सेंट्सचे स्पेशल टीम्स कोच. ज्यांची नोकरीच किकऑफवर चालते ते त्याला मऊ कशाला करतील?

एका बाबतीत मात्र मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे, आणि त्यावर तुम्ही एकच ओळ लिहिलीत याचं वाईट वाटलं: ऑनसाइड किक, म्हणजे छोटा किक मारून बॉल आपल्याच टीमने परत मिळवायचा. आता तो मारायचा तर आधी सांगावं लागतं, आणि २०२५ च्या नियमात मागे असाल तरच. २०२४ ला तर फक्त चौथ्या क्वार्टरमध्येच परवानगी होती. फेब्रुवारी २०१० च्या सुपर बोलमध्ये सेंट्स हाफटाइमला १०-६ ने मागे होते, आणि दुसऱ्या हाफचा पहिलाच किक सेंट्सच्या मॉर्स्टेडने ऑनसाइड मारला, कोल्ट्सना काही कळायच्या आत ढिगाऱ्याखालून क्रिस रीसने बॉल काढला, पुढे ३१-१७, सेंट्सचा पहिला सुपर बोल. आजच्या नियमात सेंट्सचे तेव्हाचे कोच शॉन पेटन यांना तो किक आधी जाहीर करावा लागला असता. ऑनसाइडला वेगळी रचना लागते म्हणून आधी सांगायचं हे कारण मला कळतं, पण मागे असणाऱ्या टीमला मॅचमध्ये एकदा तरी न सांगता जुन्या रचनेतून किक मारू द्या, त्या एका किकने दुखापतींचा आकडा हलणार नाही. यावर ओरडायचं असेल तर मी तुमच्यासोबत आहे.