एका ओळीचं काम

डेटाबेसमधल्या जुन्या टेबलातला (म्हणजे तक्त्यातला) डेटा नव्या टेबलात टाकायला एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसला हुकूम द्यायच्या भाषेत, एकच ओळ लागते. इन्सर्ट इन्टू नवे, सिलेक्ट स्टार फ्रॉम जुने; खलास. आमच्या पतसंस्थेच्या चेअरमनांना हे कुणीतरी सांगितलं आणि तेव्हापासून ते माझ्या खुर्चीमागून हलेनात. “काय करूलालास रे? एकच ओळ आहे म्हणे की!”

ओळ एकच, पण ‘सिलेक्ट स्टार’ कॉलमची नावं बघत नाही, नुसता क्रम बघतो. जुन्या टेबलात आधी गाव, मग वडिलांचं नाव, नव्यात उलटं. सॉफ्टवेअरवाल्या पोरानं चाचणीच्या टेबलावर ओळ चालवली आणि आमचे सभासद कुणी खानापूरचे, कुणी निपाणीचे, कुणी येळ्ळूरचे चिरंजीव झाले. खरंच, वडिलांच्या रकान्यात ‘निपाणी’! डेटाबेसनं चकार शब्द काढला नाही. त्याच्या लेखी दोन्हीकडे अक्षरंच.

मग कॉलमची नावं एकेक लिहिली, तर लक्ष्मीबाई अडल्या. डोळ्यांना चार अक्षरं. संगणक जोडाक्षरं फोडून, काना-वेलांटीसकट दहा मोजतो. ‘श्रीमती’पासून आडनावापर्यंतचं सगळं तीस अक्षरांच्या कॉलमात मावेना, आणि एक नाव मावलं नाही की अख्खी इन्सर्ट रद्द. बाकीच्यांचा काय गुन्हा? कॉलम रुंद केला.

खरी गंमत गावाच्या रकान्यात. बेळगाव, बेळगांव, बेळगाम आणि 1 नोव्हेंबर 2014 पासून सरकारी कागदांवरचं बेळगावी. आपल्याला शहर एक, डेटाबेसला चार. पोरानं ट्रान्झॅक्शन (पक्कं करेपर्यंत मागे घेता येणारा व्यवहार) उघडून खऱ्या टेबलात सगळं भरलं आणि कमिट, म्हणजे पक्कं, करण्याआधी सहज विचारलं, “यातलं कुठलं ठेवू?”

कमिटी बसली. एवढ्या नोंदी एकदम भरल्यामुळे टेबलालाच कुलूप लागलेलं. आत कुंदा खात 1956 पासूनचा सीमाप्रश्न रंगात, बाहेर रोजची छोटी बचत गोळा करणारा पिग्मी एजंट नोटांची चळत घेऊन काउंटरवर ताटकळलेला. “ओ, पावती द्या की!” क्लार्कच्या स्क्रीनवर गोल चक्र फिरतंय.

शेवटी खजिनदार म्हणाले, गावच नको, पिनकोड घाला. 590001 ना मराठी, ना कानडी. सगळ्यांना पटलं. पोरानं रोलबॅक मारला, भरलेलं सगळं मागे घेतलं, कुलूप निघालं, पिग्मी जमा झाली.

मग कळलं, जुन्या टेबलात पिनकोडचा कॉलमच नाही. आता पिग्मी एजंटनं घरोघर जाऊन तो विचारून आणायचा असं ठरलंय. तो म्हणतोय, “कमिशन किती ते आधी बोला.”