कॉलेजचा फुटबॉल प्रशिक्षक म्हणजे न जमलेला खेळाडू? एका समजाचा प्रतिवाद

अमेरिकेतील विद्यापीठांच्या पुरुष फुटबॉल संघांविषयी एक मजकूर हातोहात पुढे पाठवला जातो, आणि मुलाला खेळाच्या जोरावर तिकडे शिकायला पाठवू पाहणारे मराठी पालकही तो खरा धरून चालतात. त्याचा आशय असा: तिथले प्रशिक्षक म्हणजे खेळाडू म्हणून न जमलेले, गळ्यात शिट्टी अडकवलेले पीटीचे मास्तर, त्यांतले जे जिंकतात ते इंग्लंडहून आणलेले, एकदा कॉलेजात अडकलेल्या माणसाला व्यावसायिक फुटबॉलमध्ये कोणी विचारत नाही, आणि कामही वर्षातून तीन-चार महिन्यांचेच, तेव्हा कॉलेज निवडताना प्रशिक्षक कोण हे पाहण्याचे कारण नाही. या चारपैकी एक गोष्ट अलीकडच्या काळापुरती अर्धी खरी आहे. बाकीच्या तीन टिकत नाहीत. (तिकडे या खेळाला सॉकर म्हणतात, मी फुटबॉलच म्हणणार आहे.)

सर्वांत ठाम स्वरातला दावा तिसरा आहे, म्हणून आधी तोच घेतो. १९८९ मध्ये न्यू जर्सीतील पिस्कॅटवे येथे, कडाक्याच्या थंडीत, व्हर्जिनिया आणि सांता क्लारा या विद्यापीठांमधला राष्ट्रीय स्पर्धेचा अंतिम सामना जादा वेळ खेळूनही १-१ असा बरोबरीत सुटला आणि विजेतेपद दोघांत विभागून द्यावे लागले. व्हर्जिनियाचे प्रशिक्षक होते ब्रूस अरीना आणि सांता क्लाराचे स्टीव्ह सॅम्पसन. नऊ वर्षांनी फ्रान्समधल्या विश्वचषकात अमेरिकेचा राष्ट्रीय संघ घेऊन गेले ते हेच सॅम्पसन, आणि त्या स्पर्धेनंतर त्यांच्या जागी नेमले गेले ते हेच अरीना, ज्यांच्या संघाने २००२ मध्ये उपांत्यपूर्व फेरी गाठली. हा योगायोग वाटत असेल, तर १९९० ते २०१० या काळातले सहा विश्वचषक एकापुढे एक मांडून पाहावेत. १९९० मध्ये मिलवॉकीच्या विद्यापीठ संघाचे माजी प्रशिक्षक बॉब गॅन्सलर, १९९८ मध्ये सॅम्पसन, २००२ आणि २००६ मध्ये अरीना, २०१० मध्ये प्रिन्स्टनचे माजी प्रशिक्षक बॉब ब्रॅडली. मध्ये फक्त १९९४ मध्ये युगोस्लाव्हियाचे बोरा मिलुटिनोविच आले. सहापैकी पाच वेळा राष्ट्रीय संघाची सूत्रे अशा माणसाकडे होती ज्याने आधी कॉलेजचा संघ घडवला होता.

याचे कारण समजून घेतल्याशिवाय ही यादी नुसती नावांची जंत्री राहील. पेले ज्या लीगमध्ये खेळून गेले ती नॉर्थ अमेरिकन सॉकर लीग १९८४च्या हंगामानंतर बंद पडली आणि मेजर लीग सॉकर सुरू झाली ती १९९६ मध्ये. मधल्या अकरा-बारा वर्षांत अमेरिकेत पहिल्या दर्जाची मैदानी लीगच नव्हती. ज्याला प्रशिक्षण हाच पूर्णवेळ पेशा करायचा होता, त्याला पगार, मैदान, सहायक आणि दरवर्षी नव्या खेळाडूंची फळी मिळण्याची जागा म्हणजे विद्यापीठ. तेव्हा हुशार माणसे कॉलेजात ‘अडकली’ नव्हती, पेशाच तिथे राहत होता. नवी लीग उभी राहिली तेव्हा तिनेही याच दारावर थाप मारली: पहिले दोन करंडक अरीनांच्या डीसी युनायटेडने जिंकले, तिसरा ब्रॅडलींच्या शिकागो फायरने. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत तीन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून आलेल्या सिगी श्मिड यांनी दोन, अ‍ॅक्रनला २०१० मध्ये विजेतेपद मिळवून देणाऱ्या केलेब पोर्टर यांनी दोन आणि अरीनांनी आणखी तीन करंडक जिंकले. चार माजी कॉलेज प्रशिक्षकांच्या नावावर लीगचे दहा करंडक आहेत.

ब्रॅडलींचा प्रवास तर मुद्दाम सांगण्यासारखा आहे. वयाच्या बाविसाव्या वर्षी ओहायो विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक, मग व्हर्जिनियात अरीनांचे सहायक, मग बारा हंगाम प्रिन्स्टन. प्रिन्स्टन ज्या आयव्ही लीगमध्ये खेळते तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती दिलीच जात नाही; तरीही १९९३ मध्ये त्यांचा संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत पोहोचला आणि हरला तो गुरूच्याच व्हर्जिनियाकडून. २०१६ मध्ये स्वान्सी सिटीने त्यांना नेमले, तेव्हा ते इंग्लिश प्रीमियर लीगमधले पहिले अमेरिकी प्रशिक्षक ठरले. तिथे अकरा सामन्यांत त्यांची गच्छंती झाली हेही लगेच सांगायला हवे, नाहीतर मीही त्या मजकुरासारखाच सोयीचे तेवढे सांगितल्यासारखे होईल.

आता अर्धी खरी गोष्ट. कॉलेजमधून थेट व्यावसायिक संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदी जाण्याची वाट गेल्या दहा-बारा वर्षांत अरुंद झाली आहे. क्लबांनी स्वतःच्या अकादमी आणि दुय्यम संघ उभे केल्यामुळे प्रशिक्षक आता तिथूनच वर येतात, शिवाय परदेशातूनही आणले जातात. पोर्टर २०१३ च्या हंगामासाठी अ‍ॅक्रनहून पोर्टलंडला गेले तशी उडी आज क्वचित दिसते. पण वाट अरुंद होणे वेगळे आणि ती कधी नव्हतीच असे म्हणणे वेगळे.

पहिल्या दाव्यात ‘पीटीचे मास्तर’ हा शब्द हिणवण्यासाठी वापरला आहे. वॉल्टर बार खरोखरच फिलाडेल्फियात शाळेत शारीरिक शिक्षण शिकवत. १९५० च्या विश्वचषकात ब्राझीलमधील बेलो होरिझोंते येथे अमेरिकेने इंग्लंडला १-० असे हरवले, तेव्हा त्यांनीच मारलेल्या फटक्याला जो गेटजेन्स यांनी डोके लावून तो एकमेव गोल केला. हे ‘मास्तर’ पुढे १९७४ पासून १९८८ पर्यंत पेन स्टेट विद्यापीठाचे प्रशिक्षक होते. त्याच सामन्यात बचावफळीत खेळलेले हॅरी किओ टपाल खात्यात नोकरी करत आणि ती करता करताच त्यांनी सेंट लुईस विद्यापीठाला १९६७ ते १९७३ या काळात पाच राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली. इंग्लंडला हरवलेली माणसे खेळाडू म्हणून जमली नव्हती, असे म्हणायला बरेच धाडस लागते. १९७४ च्या अंतिम सामन्यात किओंच्या संघाला जादा वेळेत २-१ असे हरवले ते वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठाने. कृष्णवर्णीयांच्या ऐतिहासिक विद्यापीठांपैकी एखाद्याने कोणत्याही खेळात मिळवलेले आणि मागाहून रद्द न झालेले ते प्रथम श्रेणीचे पहिले विजेतेपद होते. हॉवर्डचे प्रशिक्षक लिंकन फिलिप्स त्रिनिदादच्या राष्ट्रीय संघाचे गोलरक्षक राहिलेले होते.

उलट बाजूची उदाहरणेही आहेत आणि ती लपवण्याचे कारण नाही, कारण तीच या दाव्याचा पाया काढून घेतात. अरीना कॉर्नेलमध्ये गोलरक्षक होते, पण राष्ट्रीय संघाकडून ते १९७३ मध्ये इस्रायलविरुद्ध एकच सामना खेळले. लॅक्रॉस या जाळीदार काठीने खेळायच्या खेळात त्यांची गती तेवढीच होती, आणि १९७८ मध्ये व्हर्जिनियाने त्यांना नेमले ते फुटबॉलचे मुख्य व लॅक्रॉसचे सहायक प्रशिक्षक अशा दुहेरी कामावर. श्मिड हिशेबतपासनीसाचा व्यवसायही करत. जेरी यीगली यांनी इंडियाना विद्यापीठात आधी दहा वर्षे मान्यताच नसलेला हौशी संघ सांभाळला, १९७३ मध्ये त्याला अधिकृत दर्जा मिळवून दिला आणि २००३ मध्ये निवृत्त होईपर्यंत सहा राष्ट्रीय विजेतेपदे जिंकली. स्वतः उत्तम खेळणे आणि वीस वर्षांच्या पंचवीस-तीस मुलांना एका संघात बांधणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. गाणाऱ्याने शिकवावेच आणि शिकवणाऱ्याने मैफल मारावीच, असा आग्रह आपण संगीतातही धरत नाही.

इंग्लंडच्या आयातीचा दावा वरवर पाहता खरा वाटतो. स्टॅनफर्डला २०१५, २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ तीन विजेतेपदे मिळवून देणारे जेरेमी गन इंग्लंडचे, २०२२ च्या विजेत्या सिरॅक्यूजचे इयान मॅकिन्टायर इंग्लंडचे, मे २०२१ मध्ये मार्शलला जिंकवणारे ख्रिस ग्रासीही इंग्लंडचे. पण त्यांना तयार प्रशिक्षक म्हणून कोणी आणलेले नाही. गन कॅलिफोर्नियातील बेकर्सफील्डच्या, तर मॅकिन्टायर न्यूयॉर्क राज्यातील हार्टविकच्या संघातून विद्यार्थी म्हणून खेळले. गन यांनी पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळवले तेही दुसऱ्या श्रेणीतल्या, कोलोरॅडोतील फोर्ट लुईस या लहानशा कॉलेजसोबत, २००५ मध्ये. मेरीलँडला तीनदा जिंकवणारे साशो चिरोव्स्की जन्माने मॅसिडोनियाचे, वाढले कॅनडात, शिकले आणि खेळले मिलवॉकीत. ही सगळी माणसे अमेरिकी कॉलेजनेच घडवलेली आहेत. आणि जन्मगावच मोजायचे असेल, तर नॉर्थ कॅरोलायनाचे अ‍ॅन्सन डोरन्स यांचा जन्म १९५१ मध्ये मुंबईत झाला. त्यांचे अमेरिकी वडील तेल कंपनीच्या नोकरीत होते. त्यांना ‘मुंबईची आयात’ म्हणायचे का? कायद्याचे विद्यार्थी असतानाच १९७७ मध्ये त्यांनी विद्यापीठाचा पुरुष संघ हाती घेतला आणि १९८८ पर्यंत सांभाळला. १९७९ पासून महिला संघही घेतला, आणि जगाला ते ठाऊक आहेत ते त्या संघामुळे आणि १९९१ च्या पहिल्या महिला विश्वचषकातील अमेरिकेच्या विजयामुळे.

चौथा दावा हंगामाची लांबी आणि कामाची लांबी यांची गल्लत करतो. सामने ऑगस्टअखेर ते डिसेंबर एवढेच असतात हे खरे. उरलेल्या महिन्यांत प्रशिक्षक शाळकरी खेळाडू शोधत हिंडत असतो, आणि दहावीचे वर्ष संपल्यानंतरच्या १५ जूनपूर्वी त्यांच्याशी भरतीचे बोलणे नियमाने बंद असल्यामुळे त्याला पुष्कळ काळ नुसते पाहून टिपणे ठेवावी लागतात. २०२५ पर्यंत प्रथम श्रेणीतल्या पुरुष संघाला फक्त ९.९ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. एवढ्या पैशात पंचवीस-तीस मुलांचा संघ भागवायचा म्हणजे कोणाला चौथा हिस्सा, कोणाला निम्मा, कोणाला काहीच नाही, हा हिशेब दरवर्षी नव्याने मांडावा लागे. आता न्यायालयीन तडजोडीनंतर, ती स्वीकारणाऱ्या विद्यापीठांत शिष्यवृत्त्यांच्या मर्यादेऐवजी २८ खेळाडूंची मर्यादा आली आहे, पण पैसा किती द्यायचा हे ज्या त्या विद्यापीठावर असल्याने हिशेब सुटलेला नाही. मुख्य प्रशिक्षक होण्याआधीची उमेदवारीही लांबलचक असते. नॉर्थ कॅरोलायनाचे कार्लोस सोमोआनो कित्येक वर्षे सहायक होते आणि २०११ मध्ये मुख्य पदावर बसल्याच्या पहिल्याच हंगामात राष्ट्रीय विजेते ठरले. २०२३ पर्यंत तर ‘स्वयंसेवक प्रशिक्षक’ असे एक बिनपगारी पदच नियमांत होते.

प्रशिक्षक कोण हे पाहू नये, हा सल्ला मात्र सर्वांत महागात पडणारा आहे. प्रवेशाच्या वेळी प्रशिक्षकाच्या शब्दाला किती वजन असते, हे २०१९ मध्ये उघडकीस आलेल्या प्रवेश-घोटाळ्याने, म्हणजे लाच घेऊन खेळाडू नसलेल्या मुलांनाही खेळाडू म्हणून प्रवेश मिळवून देण्याच्या प्रकाराने, वाईट रीतीने दाखवून दिले. त्यात गुन्हा कबूल करणाऱ्यांत एका नामांकित विद्यापीठाचा पुरुष फुटबॉल प्रशिक्षकही होता, आणि तो स्वतः व्यावसायिक लीगमध्ये खेळलेला होता. शिवाय ही माणसे जागा बदलतात. डिसेंबर २०२४ मध्ये व्हरमाँट विद्यापीठाने पहिल्यांदाच राष्ट्रीय विजेतेपद मिळवले आणि पुढचा हंगाम सुरू होण्याआधीच त्यांचे प्रशिक्षक रॉब डाउ पेन स्टेटला गेले, म्हणजे एकेकाळी वॉल्टर बार जिथे होते तिथे. ज्यांनी डाउ यांच्याकडे पाहून व्हरमाँट निवडले असेल, त्या मुलांना पुढच्या ऑगस्टमध्ये नव्या माणसाच्या हाताखाली सराव सुरू करावा लागला. पालकांनी विचारायला हवे ते प्रशिक्षक किती सामने खेळला हे नव्हे, तर त्याचा करार किती वर्षांचा आहे आणि तो गेला तर मुलाची शिष्यवृत्ती कोणाच्या सहीवर चालू राहील हे.